कायमची सोबत

डोलगोर आजीची लाकडं फोडून द्यायला आम्ही दर बुधवारी जायचो. मी आणि माझा जोडीदार, एल्डर व्हिटलॉक; आमच्या चर्चमध्ये तरुण प्रचारकाला 'एल्डर' म्हणतात. धर्मप्रचाराची दोन वर्षं दोघांनी सगळीकडे बरोबरच फिरायचं असतं. तो अमेरिकेहून उलानबातरला आलेला, एकोणीस वर्षांचा, मी इथलाच.

"आलात का रे, टायवाले? शिरा तंबूत, गोठाल बाहेर!" आमच्या गळ्यातले टाय बघून आजी ओरडायची. आम्ही चहा पीत नाही हे कळल्यापासून आमच्यासाठी नुसतं दूध तापवायची आणि वर टोमणा मारायची, "चहाला नाही म्हणणारा देव कुठला रे तुमचा?"

त्या दिवशी व्हिटलॉकला पेटीवर तिच्या नवऱ्याचा फोटो दिसला. नवरा जाऊन अकरा वर्षं झाली होती. अशा वेळी म्हणायचं म्हणून आठवडाभर घोकलेलं मंगोलियन त्याने मोठ्या मायेनं म्हणून दाखवलं, "आजी, मरणानं काही संपत नाही. तुम्ही दोघं पुन्हा भेटाल आणि मग कायम एकत्र राहाल."

मला वाटलं, आजीला आता रडू येणार. पण तिचा हात नुसता डाव्या कानाकडे गेला. त्या कानानं तिला लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यापासून ऐकू येत नव्हतं. ती उठली, दाराला आतून कडी लावली आणि माझ्याजवळ येऊन हळूच विचारलं,


"पोरा, मी इथे राहते, हे तुमच्या देवानं त्याला सांगितलं तर नाही ना?"