ड्रायव्हरची सीट

रॉयडनने विमानाचं तिकीट जेवणाच्या टेबलावर ठेवलं. आईचं, मेबलचं, गुरुवारचं, दुबई ते मुंबई. परतीचं नव्हतं.

सकाळीच वडील जेराल्ड गेल्याची महिन्याची मिस्सा, चर्चमधली प्रार्थना, झाली होती. आता कबरीवर फुलं ठेवायला जबल अलीला निघायचं होतं. त्याआधी एवढं बोलून घेऊ, असं रॉयडन आईला आणि बहिणीला म्हणाला.

फ्लॅट त्याचा होता. इंग्लंडला जाऊन तिथला पासपोर्ट मिळाल्यावर त्याने तो विकत घेतला होता, थंडीतले चार दिवस उन्हात घालवायला. जेराल्ड रिटायर झाला तेव्हा आईवडील अल मनखूलची भाड्याची जागा सोडून इथे आले. आता रॉयडनला तो स्वतःसाठी हवा होता. इंग्लंडमध्ये किती दिवस राहिलं की तिथला टॅक्स लागतो, इथे किती राहिलं की सुटका होते, किती दिवस बाहेर राहिलं की व्हिसा जातो, हे सगळं त्याने फोनमध्ये तक्ता करून ठेवलं होतं. फ्लॅटच्या आधारावर मिळालेलं रेसिडेन्सीचं कार्ड कालच हातात आलं होतं. ते त्याने तिकिटाशेजारी ठेवलं. भाड्याने घेतलेली गाडी त्याने कालच परत केली होती. खाली पप्पांची गाडी उभी होतीच.

“ममी, तू पप्पांच्या व्हिसावर होतीस,” तो म्हणाला. “पप्पा गेले, खलास. मी एजंटला विचारलंय. रूल इज रूल.”

तो वाईट नव्हता. वसईच्या घराला त्याने रंग काढून घेतला होता, वरकामाला बाई ठरवली होती. इथे तुला साधं दूध आणायचं तरी कोणी गाडी काढायला हवी, असं तो हसत म्हणाला. मेबल कबरीवर ठेवायच्या फुलांचे देठ कापत राहिली.

बहीण रोशेल पुण्याहून दफनाला आली होती आणि महिनाभर राहिली होती. भावाशी भांडावं असं तिला फार वाटत होतं. पण नियम त्याने तपासले होते, तिने नाही.

महिन्याची मिस्सा होईपर्यंत चर्च सोडून कुठेही जायचं नाही, हे मेबलने वसईत पाहिलं होतं तसंच इथेही पाळलं. चर्चला न्यायला तिची मैत्रीण कुंदा आणि कुंदाचा नवरा विलास यायचे. अल मनखूलला कुंदाची लहान मुलांची नर्सरी होती आणि एरवी मेबल रोज सकाळी तिथे जायची. वेळ घालवायला जाते, असं मुलं धरून चालली होती. गाडी महिनाभर जागची हलली नाही. रोज संध्याकाळी मेबल खाली जाऊन ओल्या फडक्याने तिच्यावरची धूळ पुसायची. पप्पांची गाडी म्हणून पुसते, असं रोशेलला वाटायचं.

मागच्या आठवड्यात रोशेल चावी घेऊन एकटीच त्या गाडीत जाऊन बसली होती. घरात रडायला जागा नव्हती. ड्रायव्हरच्या सीटवर बसताना तिचे गुडघे स्टिअरिंगला आपटले. सीट अगदी पुढे ओढलेली होती आणि तिच्यावर जाड उशी होती. पप्पा सहा फूट उंच होते. रोशेलनेही त्यांचीच उंची घेतली होती. आजारपणात माणूस इतका लहान होतो? त्या उशीवर बसून ती पुष्कळ वेळ रडली होती.

मेबलने कात्री खाली ठेवली. हात पुसले. ड्रॉवरमधून स्वतःचं कार्ड काढून रॉयडनच्या कार्डाशेजारी ठेवलं. तिचा व्हिसा कुंदाच्या नर्सरीतल्या नोकरीचा होता. सहा वर्षांपासून.

“पप्पा माझ्या व्हिसावर होते,” ती म्हणाली. “त्यांना ते सांगवत नव्हतं, म्हणून मीही सांगितलं नाही. तुम्ही कधी विचारलंही नाहीत.”

कुंदाच्याच बिल्डिंगमध्ये तिने खोली बघून ठेवली होती. शनिवारी ती तिथे जाणार होती. फ्लॅट तुझा आहे, तुला लखलाभ, पण हे तिकीट परत कर, असं तिने सांगितलं.

रॉयडनने ते कार्ड उलटसुलट करून पाहिलं. मग तो उठला. याचं नंतर बघू, आधी निघू या, उशीर होतोय, असं म्हणत त्याने भिंतीवरच्या खिळ्याला लावलेली गाडीची चावी काढली.

मेबलने हात पुढे केला.

“ती इकडे दे. परवापर्यंत तू पाहुणा होतास, तुझं ब्रिटिश लायसन्स चालत होतं. काल इथला रहिवासी झालास. आता ते बदलून इथलं घेईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. रूल इज रूल, बाबा.” तिने चावी घेतली. “तुला तर टेस्टही द्यावी लागणार नाही. मी सहाव्या खेपेला पास झाले.”

मग तिने उरलेलं सांगितलं. चार वर्षांपूर्वी काचबिंदूने जेराल्डची नजर गाडी चालवण्यापुरती उरली नाही. लायसन्स रिन्यू झालं नाही. तेव्हा तिने क्लास लावला. गाडीही तिच्याच नावावर होती. आज अल ऐनला जाऊन आलो, असं जेराल्ड फोनवर मुलांना सांगायचा, ते खरंच होतं. गाडी कोणी चालवली, एवढंच तो सांगत नसे.

रॉयडन फुलं घेऊन मागे बसला. मेबलने कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून क्रूस केला आणि गाडी सुरू केली. तिला काहीच पुढेमागे करावं लागलं नाही. तिचे पाय बरोबर पोचले. समोरचा रस्ता तिला उशीवरून नीट दिसत होता.

शेजारी बसलेल्या रोशेलने ती उशी पाहिली. पप्पा शेवटपर्यंत सहा फूटच होते.