नेपोलियनची कबर

अकोल्याच्या जठारपेठेतल्या फ्रेमच्या दुकानात आकांक्षाने एक जुनं छापील चित्र टाकलं. पुरल्यावर एकोणीस वर्षांनी नेपोलियनची कबर उघडतात, तो प्रसंग.

“चेहरा तं जसाच्या तसा हाय,” दुकानदार शफीभाई वाकून पाहत म्हणाले.

“एकात एक चार पेट्या होत्या. त्यात एक टिनाची, एक शिशाची, सांधे झाळून बंद केलेली. हवाच गेली नाही आत.”

शफीभाई पुसलेलीच काच पुन्हा पुसत राहिले.

“ताई, प्लास्टिकच्या पिशवीत जाते का हवा?”

“कसली पिशवी?”

“कोरोनात अब्बाले तशातच दफन केलं. अम्मीले चेहराबी पाहू देल्ला नाई. अजून इचारते, आता कसा असन म्हणून.”

केमिस्ट्रीत एम.एस्सी. असूनही आकांक्षा म्हणाली, “नाही जात.”