खरा आदेश

"मावशी, स्क्रीनवर हिरवी खूण आली. दरवाजे उघडायचा आदेश इंटरनेटवरून सीलबंद आलाय, वरच्या ऑफिसचाच आहे, वाटेत कुणी अक्षर बदललेलं नाही. दाबा बटण," नवे साहेब म्हणाले.

एकवीस वर्षं धरणाचे दरवाजे उघडून थकलेल्या हौसाबाईंनी खिडकीतून खाली बघितलं. नदीत बाया गोधड्या धूत होत्या, आणि धोक्याचा भोंगा महिनाभर बंद पडलेला.

"आदेश खरा आहे हो साहेब, पण धाडणाऱ्याला ह्या बाया दिसल्यात का?"

साहेबांनी स्क्रीन पुन्हा बघितली. तिथे ते लिहिलेलं नव्हतं.

"मी तिथून उठवते त्यांना," म्हणत, दुखरा गुडघा दाबून हौसाबाई दोनशे पायऱ्या उतरू लागल्या.

साहेब मागून धावत आले. "मावशी, तुम्ही बसा, मी जातो."

हौसाबाईंनी मागे न बघताच विचारलं, "त्या बाया ओळखतात तुम्हाला?"