दिवा वाढव

हरिओमनं बदनापूरच्या घरात खाऱ्या पाण्याच्या टँकमध्ये जिवंत पोवळं पाळलं होतं. पंजासारखं, जांभळं. नोकरीच्या ट्रेनिंगला जाताना त्यानं ते आईच्या हवाली केलं.

टँकचा निळा दिवा बिघडला, तसा नंदाबाईंनी फोन केला. "तुझा दिवा लईच मंद जळून राह्यला."

"मंग वाढव की आई, मी येईपर्यंत."

नंदाबाईंच्या माहेरी 'दिवा विझव' असं अभद्र कुणी बोलत नसे, 'वाढव' म्हणत. त्यांनी बटण बंद केलं.

हरिओम परतला तेव्हा अंधारात राहून पोवळं हाडासारखं पांढरं पडलं होतं.

"मी उजेड जास्त करायचं सांगितल्तं, आई," एवढंच तो बोलला.

त्यांनी टँक काढू दिला नाही. रोज तिन्हीसांजेला त्या देवापुढचं निरांजन टँकपाशी आणून ठेवत आणि "चुकले रे बाबा" म्हणत. मेलेल्या पोवळ्याची बोटं ज्योतीकडं कलत. निरांजन ज्या बाजूला, त्या बाजूला. नंदाबाईंना त्याचं भय वाटत नसे. उलट बरंच वाटायचं.

आज वाऱ्यानं ज्योत गेली. पांढरी बोटं सावकाश वळली आणि नंदाबाईंच्या तोंडावर रोखून थांबली.

त्या बाजूला सरकल्या. बोटंही सरकली.

मग त्या सरकल्याच नाहीत. "घे," त्या हळूच म्हणाल्या, "माझीच चूक हाय."

हरिओमनं येऊन खोलीतला लाइट लावला आणि तो दारातच थबकला.

"आई, तू अशी पांढरी काहून पडून राह्यलीस?"