खडकाला वळसा

रिकिबीतून पुन्हा पाय निसटला, तेव्हा ल्युपेने स्टूल पायानेच पुढे ढकललं.

"घे म्हाताऱ्या. कुणी बघत नाहीये."

"मार्शल स्टुलावरून चढत नाही," ऑर्विल टॅगर्ट म्हणाला आणि त्याने खोगिराची मूठ पुन्हा धरली.

या खेपेला तो वर पोचला. पोचल्यावर बराच वेळ नुसता श्वास घेत राहिला. बिस्किट घोडी मान वळवून त्याच्याकडे बघत होती, जिन्यात धाप लागलेल्या शेजाऱ्याकडे बघावं तशी.

ल्युपेच्या तबेल्यातून समोरचा उतार दिसायचा. 'मार्शल कोल्टर' ही काउबॉय मालिका दर आठवड्याला तिथेच संपायची. निळ्या बंडीतला मार्शल टेकडीवरून भरधाव खाली यायचा, हत्तीएवढ्या खडकाला वळसा घालायचा आणि पलीकडून घोड्याचा लगाम धरून चालत यायचा. मग कॅमेऱ्याकडे बघून टोपी मागे सारायचा. आठ वर्षं ऑर्विल हा उतार घोड्यावर उतरला होता, आणि सारा देश हातातला घास तसाच ठेवून बघत होता. 'आमचा मार्शल स्वतःची दौड स्वतः मारतो' असं जाहिरातीत ठळक छापलेलं असे.

पुढे त्या मालिकांचे दिवस सरले. ऑर्विलला कुणी बोलावेना. त्याने बेकर्सफील्डला दुधाचा ट्रक चालवला, आणि ट्रक चालवतानाही पाठ ताठ ठेवली.

आता पिन्यन फ्लॅट्स गावच्या लोकांनी मालिकेचा मेळावा भरवला होता. शनिवारी ती दौड पुन्हा व्हायची होती. मंचावरच्या फलकावर जाहिरातीतलं तेच वाक्य रंगवलं होतं. घोडा अडला किंवा स्वार पडला, तर हसं व्हायचं ते त्या वाक्याचं.

घरी नडीनने मक्याचा ब्रेड टेबलावर आदळला. "बरगड्या झाल्या, खांदा झाला, आता खुबा लोखंडाचा. हाडं या घरातली मोडली. टाळ्या कधी आल्या का या घरात?"

"एकदाच, नेडी."

"तुझं हे 'एकदाच' लग्नापासून ऐकतेय मी."

"शब्द दिलाय गं."

"देताना खुब्याला विचारलं होतंस?"

त्याने ब्रेड घेवड्याच्या रश्शात बुडवला आणि खाल्ला. थोड्या वेळाने ती मलमाची बाटली घेऊन आली. "वळ तिकडे. आणि कण्हू नकोस, मला हसू येतं."

शुक्रवारी मेळाव्याची कार्यवाह, मेरिबेथ नावाची उत्साही बाई, तबेल्यात आली. निळी बंडी दिसताच जागीच थबकली.

"मार्शल! माझा तर विश्वासच बसत नाही!"

ऑर्विलने टोपीला बोट लावलं आणि ऊन लागावं तशी ती आणखी खाली ओढली.

"रागावू नका हं, पण टीव्हीवाले म्हणतायत, एखादा तरुण स्वार घेऊ या. तुमचेच कपडे घालायचे. लांबून कुणाला कळतंय?"

"मार्शलच्या जागी दुसराच कुणी?" ऑर्विल म्हणाला. "लोकांच्या डोळ्यांत धूळ फेकायची?"

ल्युपेला जोराचा ठसका लागला. ती पाणी प्यायला आत गेली.

"मी त्यांना तेच म्हटलं! मग निदान तो वळसा गाळू या. सरळ मंचापाशी या."

"वाट खडकामागूनच जाते. नाहीतर दौड नाही."

मेरिबेथने मान डोलावली आणि पिशवीतून एक जुना फोटो काढला. "माझ्या आईचा आहे. सही द्याल?"

फोटोत घोडा हवेत होता आणि स्वार पाठमोरा. ऑर्विल त्या पाठीकडे बघत राहिला. "चेहरा नाही आला यात," तो म्हणाला. "पाठ मात्र झकास आलीय. सही उद्या मंचावर मिळेल, बाई."

ती गेल्यावर तो ल्युपेला म्हणाला, "खडकामागे एक खुर्ची ठेव."

"ठेवते. सावलीत."

शनिवारी टेकडीवरून खालची माणसं रंगीत खड्यांसारखी दिसत होती. पुढच्या रांगेत नडीन उभी होती. दोन्ही हात छातीशी. ऑर्विलने खोगिराची मूठ सोडली. मार्शलने दौडताना ती कधीच धरली नव्हती. त्याने टाच मारली.

बिस्किट उधळली. खुब्यात आग भडकली, दात दातांवर आपटले. उताराच्या मधोमध रिकीब सुटली, आकाश एकदम तिरकं झालं आणि खालून किंकाळी आली. त्याने गुडघे आवळले, पाय चाचपडत पुन्हा रिकिबीत घातला आणि पाठ ताठ केली. आता खाली माणसं ओरडत होती, शिट्ट्या मारत होती, मार्शलचं नाव घेत होती. तो खडकाच्या सावलीत शिरला आणि दिसेनासा झाला.

तिथे खुर्चीवर एक म्हातारा बसला होता. निळी बंडी, तीच टोपी. आठ वर्षं इथूनच लगाम धरून बाहेर चालत जायचा तो हाच.

"मला वाटलं, पडलास," म्हातारा म्हणाला. "चावते का रे ही?"

"नाही, वेस्ली. लगाम तेवढा धर."

ऑर्विल कसाबसा खाली उतरला. आपल्या बाह्यांवरची धूळ त्याने तळहाताने गोळा केली आणि वेस्लीच्या कोऱ्या करकरीत बंडीवर नीट फासली.

"जा, मार्शल," तो म्हणाला. "पाठ झाली दाखवून. आता चेहरा दाखव."