एका घरानं किती द्यावं

काचवाला भरती कार्यालयाच्या खिडकीला नवी काच लावत होता, तेव्हा आतला कारकून खुर्चीवरून उठून उभा राहिला. जुनी काच कुणीतरी दगड मारून फोडली होती.

"एका घरानं किती द्यावं हो," कारकून म्हणाला.

काचवाल्याला वाटलं, हा आपल्या मुलाबद्दल बोलतोय. त्याने नुसती मान हलवली आणि अंगठ्याने पुट्टी दाबत राहिला.

युद्ध सुरू झाल्यापासून त्याला उसंत नव्हती. आधी युद्ध नको म्हणणाऱ्यांच्या काचा फुटल्या, मग हवं म्हणणाऱ्यांच्या. एका बाकावर बसून गप्पा हाणणारी माणसं एकमेकांचं तोंड बघेनाशी झाली. दगड कुणाचाही असो, चांदी काचवाल्याची, असं लोक त्याला चिडवायचे. तोही हसायचा. त्याच्या स्वतःच्या खिडकीला मात्र कुणी धक्का लावला नव्हता. त्याचा मुलगा लढाईत मारला गेला होता, त्यामुळे दोन्हीकडच्यांना तो आपला वाटायचा.

संध्याकाळी चौकात दोन्ही बाजूंची सभा होती. औषधाच्या दुकानाचा मालक त्याला दोनदा भेटून गेला. तुम्ही नुसतं सांगा की पोरगा कारणी लागला, विरोधकांची बोलती बंद होईल, असं त्याचं म्हणणं. मग शाळेतल्या बाई आल्या. पोरगा हकनाक गेला एवढंच बोला, बाकीच्यांची पोरं वाचतील, असं त्यांचं म्हणणं. काचवाल्याने दोघांनाही वाटेला लावलं. माझं काम काचा बसवायचं, म्हणाला, भाषणं तुम्ही करा.

मुलाच्या पलटणीतला साहेब बातमी घेऊन आला, तेव्हा दारात उभ्यानेच बोलला होता. काचवाला ते ऐकून आत बायकोपाशी गेला होता. ती अंथरुणाला खिळलेली. पुढे ती फार दिवस काढू शकली नाही. साहेब काय बोलला, ते काचवाल्याने त्यानंतर तोंडातून काढलं नाही. आता घरात तो आणि धाकटी मुलगी. सकाळी उठायचं ते तिच्यासाठी.

तो घरी आला तेव्हा मुलगी कपड्यांच्या घड्या पिशवीत भरत होती. चौकातले भोंगे सुरू झाले होते. खिडकीची काच बारीक थरथरत होती.

"मी भरती झाले, बाबा. सोमवारी निघायचंय," ती म्हणाली. "आणि आता सभेला जातेय. तुम्ही बोलत नाही, तर मी बोलते."

कारकून का उभा राहिला होता, ते त्याला आत्ता कळलं. हत्यारांची पिशवी हातातच राहिली. हे कशापायी, त्याने विचारलं.

"दादापायी. तुम्ही आईला सांगत होता, तेव्हा मी दाराआड होते. दादा मागे थांबला म्हणून अख्खं गाव नदीपलीकडे सुखरूप पोचलं. ते ऐकून आई किती दिवसांनी शांत झोपली होती."

काचवाल्याने पिशवी बाजूला ठेवली आणि तो जमिनीवरच बसला.

"गाव नव्हतं गं," तो म्हणाला. "नदीही नव्हती. आपल्याच तोफेचा गोळा आपल्याच पोरांवर पडला. साहेबाने हेच सांगितलं. तुझी आई सारखी विचारत होती, फुकट गेला का हो. मी खोटं बोललो."

बाहेर औषधवाल्याचा आवाज चढला. त्यावर बाईंचा चढला. मुलीच्या चेहऱ्यावर राग नव्हता. ती शेजारी बसली आणि त्याच्या अंगठ्यावरची वाळलेली पुट्टी नखाने खरवडू लागली, आई खरवडायची तशी.

"मला अडवायला तुम्ही काहीही बोलाल, बाबा," ती हळूच म्हणाली. "मरायला टेकलेल्या माणसाशी कुणी खोटं बोलतं का?"