पिवळे तळहात

ताई स्तनाच्या कॅन्सरने गेली, तेव्हापासून आई मला रोज गाजराचा रस पाजते. गाजरातली द्रव्यं रक्तात भरपूर असली की तो आजार टळतो, असं तिने मासिकात वाचलं होतं. धाकटी बहीण लहान म्हणून सुटली. सहा वर्षांत माझे तळहात पिवळे पडले. आज डॉक्टरबाईंनी आधी तेच पाहिले, मग माझ्या छातीतल्या गाठीचा रिपोर्ट वाचून दाखवला: कॅन्सरच. “एकही दिवस चुकवला नाही हो,” मी म्हणाले. त्या म्हणाल्या, “रसाने धोका जरासा कमी होत असेल. चिलखत नव्हे ते.” घरी आले तर आई गाजरं किसत होती. “काय म्हणाल्या?” मला रडूबिडू काही आलं नाही. भरलेला पेला गाळासकट संपवला, विसळला, तिच्यापुढे ठेवला. “उद्यापासून यातून धाकटीला देत जा.” किसणी थांबली. आईने वर पाहिलं नाही. मग किसणी पुन्हा सुरू झाली, जोरात.